काळारामाच्या दारातून जमिनीच्या हक्काकडे : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. समाज त्यांना दादासाहेब म्हणू लागला. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध जमिनीच्या लढ्यात गेला, आणि आज वनजमिनीचे दावे घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या कुटुंबांना हा उत्तरार्ध अधिक जवळचा आहे.

2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम सत्याग्रह सुरू झाला. नाशिकमधली आघाडी दादासाहेबांनी सांभाळली. लोक वर्षानुवर्षे मार खात राहिले, तुरुंगात जात राहिले, तरी दार उघडले नाही. 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि चळवळीची दिशा बदलली. 1937 साली दादासाहेब मुंबई विधिमंडळात गेले, 1957 साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी भूमिहीनांचा प्रश्न हाती घेतला. त्यामागचा हिशेब साधा होता. गावाने बहिष्कार टाकला की मजुरी बंद होते आणि चूल विझते. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन आहे, त्याला असे नमवता येत नाही. 1959 साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. 6 डिसेंबर 1964 पासून रिपब्लिकन पक्षाने तो देशभर नेला. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली एक मुख्य मागणी होती. लाखो लोकांनी अटक करून घेतली, त्यात स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, हीसुद्धा त्याच लढ्याची मागणी होती. ती 1990 साली मान्य झाली. 29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेबांचे निधन झाले.

जमिनीचा प्रश्न मात्र संपलेला नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या, जंगलावर जगणाऱ्या समाजांचा हक्क मान्य केला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असलेली, कमाल चार हेक्टर वनजमीन पती-पत्नीच्या संयुक्त नावे मिळू शकते. पण अनुसूचित जमातीबाहेरच्या इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. बौद्ध कुटुंबे याच गटात येतात.

हिशेब मांडून पाहा. 75 वर्षे मागे गेलो की 1930 साल येते. ज्या वर्षी आपले आजोबा-पणजोबा मंदिराच्या दाराबाहेर अडवले गेले, त्या वर्षीचा वास्तव्याचा पुरावा आज त्यांच्या नातवंडांकडे मागितला जातो. गावकुसाबाहेरच्या माणसाला तेव्हा कोणता कागद मिळणार होता?

तरी वाट बंद नाही. जमिनीचा नेमका तुकडा 75 वर्षे कसलेला असावा अशी अट कायद्यात नाही, अट वास्तव्याची आहे. सरकारी कागदाशिवाय इतर पुरावेही चालतात. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, घर-झोपडी, घातलेले बांध हेही नियमांत पुरावे म्हणून नोंदलेले आहेत. एकाहून अधिक पुरावे जोडावेत. दावा ग्रामसभेपुढे, वनहक्क समितीमार्फत जातो. तिथे आदिवासी बांधवांशी स्पर्धा नको, सोबत हवी. त्यांचे दावेही मोठ्या संख्येने फेटाळले गेले आहेत.

शिकलेल्या तरुणांनी दादासाहेबांच्या जयंतीला हार घालावाच, पण त्याच आठवड्यात एखाद्या वाडीवर जावे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यावेत, फॉर्म भरावेत, पोच घ्यावी. ती माणसे फार दिवस थांबणार नाहीत आणि त्यांच्यासोबत पुरावाही जाईल.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना विनम्र अभिवादन. जय भीम!