डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

मुलांनो, घाट चढण्यासाठी कर्जत स्टेशनात गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, हे तुम्ही पाहिले असेल. बिहारमधील जमालपूर हेही असेच रेल्वेचे गाव. तेथे १८७३ साली उपेंद्रनाथांचा जन्म झाला. वडील रेल्वेत डॉक्टर होते. हाजी मुहम्मद मोहसीन यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या हुगळीच्या कॉलेजात ते गणित शिकले. पुढे ते डॉक्टर झाले.

त्या काळी बंगाल, बिहार व आसामात काळा आजार गावेच्या गावे ओस पाडत असे. 'आजार' हा शब्द तुमच्या घरचाच. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही. या रोगात ताप हटत नाही, पोटातील प्लीहा वाढते आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. डासाहून लहान अशी सँडफ्लाय नावाची माशी चावली की रोगाचे परजीवी अंगात शिरतात. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांत राहते. खालापूरच्या वाड्यांतून अशा भिंती तुम्ही पाहिल्या असतील. आपल्याकडे मात्र हा रोग पसरलेला नाही.

कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात उपेंद्रनाथांना एक लहानशी खोली मिळाली. तिथे ना नळ, ना गॅस, ना वीज. रात्री ते कंदिलाच्या उजेडात काम करीत. सुरम्याच्या खनिजात अँटिमनी नावाचा पदार्थ असतो. त्यापासून १९२० साली त्यांनी युरिया स्टिबामाइन हे औषध तयार केले. त्याने असंख्य रोगी वाचले.

पण अँटिमनीने बरे झालेले काही रोगी परत आले. ताप नव्हता, दुखत नव्हते. मात्र चेहऱ्यावर फिकट चट्टे आणि गाठी उठल्या होत्या. पाहणाऱ्याला कुष्ठरोगच वाटावा! उपेंद्रनाथांनी त्यांची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. तिच्यात काळ्या आजाराचेच परजीवी होते. औषधाचे नाव होत असताना, बरा झालेला माणूसही पुरता बरा नसतो, हे सांगणे सोपे नव्हते. मला तर हेच त्यांचे मोठे काम वाटते. १९२२ साली त्यांनी ते छापून जाहीर केले.

अशा माणसाला त्रास होत नाही, म्हणून तो दवाखान्यात जात नाही. आणि त्याला चावलेली माशी रोग दुसऱ्याकडे नेते.

१९३४ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. नोबेल पारितोषिकासाठी नाव गेले, पण ते मिळाले नाही. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी ते वारले. काळा आजार होऊन गेलेल्यांच्या चेहऱ्यावर चट्टे उठले आहेत का, हे पाहायला बिहारच्या गावांतून आरोग्यसेवक आजही घरोघर जातात.