मुंबईचे वाळे : डॉ. सालिम अली यांचे जीवन

तामिळनाडूत वेदारण्यमच्या दक्षिणेस, जमिनीचे टोक समुद्रात शिरते तेथे कोडिक्कराई नावाचे गाव आहे. हा प्रदेश एके काळी तंजावरच्या मराठी राजांच्या मुलखातला. ईशान्य मोसमी पाऊस येथील विस्तीर्ण खाऱ्या दलदलीत गोडे पाणी आणून ओततो आणि पौषातल्या पहाटे धुके विरू लागले की उथळ पाण्यात उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांच्या रांगा दिसू लागतात. काठच्या चिखलात शेकाटे, चिखल्या आणि सायबेरियाहून आलेले, जेमतेम २०-२५ ग्रॅम वजनाचे टिलवे चरत असतात. अशा एखाद्या टिलव्याच्या पायात ॲल्युमिनियमचे बारीक वाळे असते. त्यावर क्रमांक असतो आणि मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेचे नाव असते. मुंबईचे नाव पाखरांच्या पायी देशोदेशी पोहोचविणाऱ्या डॉ. सालिम अली यांचे स्मरण आम्ही या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करू इच्छितो.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वर्षाच्या आत वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्र हरपले. सर्वांत धाकट्या या पोरक्या मुलाचा सांभाळ खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी केला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणत्या जातीची, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला निसर्ग-इतिहास संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्याकडे पाठविले. त्या गृहस्थांनी मुलाला हाकलून न देता चिमणी ओळखून दिली आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे त्याच्यापुढे उघडली. एका आयुष्याची दिशा त्या दुपारी ठरली.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. १९१४ साली ते घरच्या खाणव्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले, पण धंद्यात त्यांचा जीव रमला नाही. १९१८ साली तेहमिना यांच्याशी विवाह झाला. १९२६ पासून त्यांनी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात व्याख्याता म्हणून काम केले आणि नंतर बर्लिनला जाऊन प्राध्यापक स्ट्रेझमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे धडे घेतले. परत आले तो संग्रहालयातील जागा पैशांअभावी उरली नव्हती. रीतसर पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षणाचे दारही बंदच राहिले होते.

पतिपत्नींनी अलिबागजवळच्या किहीमला बिऱ्हाड नेले. बेकारीच्या त्या पावसाळ्यात सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांचे खोपे दिवसचे दिवस न्याहाळले. नर अर्धवट खोपा विणून थांबतो; मादीने पसंत केला तर पुरा करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसऱ्या खोप्यास हात घालतो, हे त्यांनी नोंदले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. कोकणातल्या एका पावसाळ्याने त्यांना जे दिले, ते नोकरीने क्वचितच दिले असते.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन आदी संस्थानांची पक्षिसर्वेक्षणे त्यांनी केली. तेहमिनाबाई या भटकंतीत सोबत असत. १९३९ साली त्या अकस्मात निवर्तल्या. पुढे बहिणीच्या घरी राहून त्यांनी कामालाच वाहून घेतले. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९४१ साली निघाले; डॉ. रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला.

वाळ्यांचा उद्योग मोठ्या प्रमाणावर सुरू झाला १९५९ साली. म्हैसूर राज्यात नुकताच माकडतापाचा रोग आढळला होता. असे रोगजंतू स्थलांतरी पक्ष्यांबरोबर येतात काय, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने साहाय्य दिले. पक्षी अलगद धरावा, मोजावा, तोलावा, वाळे घालावे आणि सोडून द्यावा, असे ते काम. ज्यांनी पहिला धडा बंदुकीने गिरविला, त्यांची विद्या अशी सोडून देण्यापर्यंत आली. भरतपूर येथे वाळे ल्यालेली बदके सोव्हिएत संघात सापडली. कोडिक्कराईचे मोलही सालिम अली यांनी वेळीच ओळखले. १९६७ साली तेथे अभयारण्य झाले आणि पुढे संस्थेचे वाळे घालण्याचे कार्य तेथे दीर्घकाळ चालले. १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना लाभले. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडून, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

कोडिक्कराईची दलदल २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून घोषित झाली. तरीही मिठागरांचा विस्तार आणि घटता गोड्या पाण्याचा ओघ यांमुळे तेथे पूर्वीइतके पक्षी उतरत नाहीत. सालिम अली यांच्या कार्याचे सार आम्हांस येथेच दिसते. टिलव्याचे घर कोणते? जेथे तो जन्मला ते, की जेथे त्याचा हिवाळा निभतो ते? वाळ्याने दिलेले उत्तर असे की दोन्ही. आणि त्यांपैकी एक मोडले तर दुसरे जपून त्या पाखराचा निभाव लागत नाही. दोन घरे सांभाळून जगणाऱ्या आपणां कुटुंबांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. येत्या पौषात मुलाबाळांना घेऊन जवळच्या एखाद्या पाणथळीवर पहाटे जाऊन उभे राहावे. त्या थोर मुंबईकराचे याहून उचित स्मरण आम्हांस सुचत नाही.