वीर बाबुराव शेडमाके : आपल्या अरण्यांतील एका तरुणाचें चरित्र



महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र द्यावें, अशी आपली रीत आहे. ती बाजूस ठेवून या वेळीं मी आपल्याच अरण्यांतील एका तरुणाची हकीकत सांगणार आहें. हा तरुण ख्रिस्ती नव्हता. त्याच्या हातून रक्तपात घडला. आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षीं तो फांसावर गेला. तरीहि चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत त्याचें नांव आजहि आदरानें घेतलें जातें. अपराध करणारा तरुण वेगळा आणि अन्याय सोसणारा तरुण वेगळा, असें आपण सहज धरून चालतों. पुष्कळदां ते दोघे एकच असतात, हें या चरित्रावरून ध्यानीं येईल.

बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजीं अहेरीजवळ किष्टापूर येथें एका राजगोंड घराण्यांत झाला. त्यांचे वडील मोलमपल्लीचे जमीनदार होते. लहानपणीं गोटुलांत समवयस्क मुलांबरोबर बाबुराव वाढले. पुढें वडिलांनीं त्यांस रायपूर येथें इंग्रजी शिकावयास पाठविलें. परत आल्यावर लहान वयांतच जमीनदारीचा कारभार त्यांच्या हातीं आला.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. चांद्यास गोंड राजांनीं कित्येक शतकें राज्य केलें होतें. १७५१ सालीं तें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. तिसरे रघुजी भोसले १८५३ सालीं निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षीं लॉर्ड डलहौसी यांनीं नागपूरचें राज्य खालसा केलें. चांद्यास कंपनी सरकारचा डेप्युटी कमिशनर येऊन बसला. जमीनदारांच्या पिढीजात अधिकारांस कात्री लागली आणि साऱ्याचा तगादा सुरू झाला. ज्यांचे वाडवडील त्या अरण्यांत नांदले, त्यांच्यावर कोठल्या तरी दूरच्या कचेरींतून नवे हुकूम येऊं लागले. त्या वेळीं बाबुरावांचें वय अवघें एकवीस होतें.

१८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत उठाव झाल्याची वार्ता या भागांतहि पोंचली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत बाबुरावांनीं जंगोम दल उभारलें. सुमारें ५०० माणसें त्यांस मिळालीं. त्यांत गोंड व माडिया तरुण होते, तसेच रोहिलेहि होते. मार्च १८५८ मध्यें त्यांनीं राजगडचा परगणा ताब्यांत घेतला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनीं चांद्याहून फौज पाठविली. परंतु १३ मार्च रोजीं नांदगांव-घोसरीच्या लढाईंत ती हटली. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव हे बाबुरावांस येऊन मिळाले. गढीसुर्ल्याच्या डोंगरावरून मोठमोठे धोंडे लोटून त्यांनीं इंग्रजी फौजेस बेजार केलें. ज्या रानांत लहानपणीं ते खेळले, तेंच रान त्यांचें शस्त्र झालें.

यानंतरचा प्रसंग चरित्रकारास अवघड वाटणारा आहे. तथापि तो गाळल्यास चरित्र खरें होणार नाहीं. प्राणहिता नदीच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या लोकांचा तळ पडला होता. इंग्रजांचे हुकूम क्षणांत दूरवर नेणारी तार ही बंडवाल्यांस तोफेइतकीच घातक वाटत होती. २९ एप्रिल १८५८ रोजीं बाबुरावांच्या माणसांनीं त्या तळावर हल्ला केला. गार्टलँड व हॉल हे दोघे नोकर मारले गेले. पीटर नांवाचा तिसरा निसटला व त्यानें क्रिक्टन यांस खबर दिली. मेलेले दोघे कांहीं राज्यकर्ते नव्हते. पोटासाठीं परदेशीं आलेले चाकर होते. बाबुरावांच्या शौर्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्या दोघांच्याहि घरीं रडणारें कोणी असेल, हा विचार ख्रिस्ती मनुष्यास टाळतां येत नाहीं.

खुद्द त्यांस पकडणें फौजेस जमेना. तेव्हां क्रिक्टन यांनीं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांस धाक घातला, कीं बाबुरावांस धरून न दिल्यास जमीनदारी जाईल. ती बाई त्याच भागांतली, त्याच गोंड समाजांतली. सर्वस्व गमावण्याच्या भयापुढें त्या वांकल्या. भोपाळपट्टणम येथें रोहिल्यांकरवीं बाबुरावांस एकदां धरण्यांत आलें. त्या वेळीं ते निसटले. परंतु १८ सप्टेंबर १८५८ रोजीं लक्ष्मीबाईंच्या लोकांनीं त्यांस पुन्हां पकडून इंग्रजांच्या हवालीं केलें. चांद्यास खटला चालला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं तेथील तुरुंगाच्या आवारांत पिंपळाच्या झाडाखालीं त्यांस फांशी देण्यांत आलें. व्यंकटराव बस्तरकडे पळून गेले होते. तेहि १८६० सालीं सांपडले व त्यांस जन्मठेप झाली.

बाबुरावांच्या मृत्यूनंतर अकराव्या दिवशीं, १ नोव्हेंबर रोजीं, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला. शस्त्र खालीं ठेवणाऱ्या बंडवाल्यांस त्यांत क्षमा देऊं केली होती. मात्र ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येंत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांस ती क्षमा नव्हती. म्हणजे बाबुराव आणखी अकरा दिवस जगते, तरी चिंचगुंडीची ती रात्र त्यांच्या आड आलीच असती. त्या न्यायासनानें तारखात्याच्या दोघांचे प्राण हिशेबांत धरले. एका समाजाचें राज्य, रान व मान हिरावला गेला, त्याचा हिशेब मात्र तेथें कोणी मागितला नाहीं.

काळानें पुढें तो निकाल फिरविला. ज्यांस गुन्हेगार म्हणून फांशी दिलें, त्यांच्या नांवानें भारत सरकारनें २००९ सालीं टपालाचें तिकीट काढलें. तुरुंगांतील त्या पिंपळाजवळ २१ ऑक्टोबरला लोक श्रद्धेनें जमतात. हा सन्मान यथायोग्यच आहे. परंतु फांसावर गेलेला पंचवीस वर्षांचा मुलगा सन्मानानें त्याच्या आईस परत मिळत नाहीं.

ही गोष्ट मी आजच्या तरुणांकरितां सांगत आहें. १९८० च्या सुमारास गोदावरीपलीकडून नक्षलवाद्यांचीं दलें या अरण्यांत आलीं. तेव्हांपासून कित्येक कोंवळ्या मुलामुलींच्या हातांत बंदूक आली. कोणी दडपशाहीच्या रागानें गेला, कोणी भयानें, कोणी केवळ गणवेशाच्या मोहानें. त्यांच्यावर चाल करून जाणाऱ्या पोलीस पथकांतहि याच गांवांचे तरुण भरती झाले. कधीं खबऱ्या ठरवून एखाद्या गरीब तरुणाचा बळी गेला, कधीं सुरुंगांत शिपाई गेले, कधीं चकमकींत दलांतली पोर गेली. प्रेतें निरनिराळ्या वाटांनीं आलीं. पण तीं येऊन पोंचलीं तीं एकाच मुलखांतल्या घरांत. आत्मसमर्पण करणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठीं २००५ सालीं शासनानें योजना काढली. शस्त्र टाकून आलेल्या तरुणास योजना जमीन व पैसा देऊं शकते. शेजारीं बसवून भाकरी वाढण्याचें काम मात्र गांवालाच करावें लागतें.

प्रभु येशू ख्रिस्तानें आपला शेवटचा श्वास दोन अपराध्यांच्या मध्यें घेतला आणि स्वर्गाचें पहिलें आश्वासन त्यांतल्याच एकाला दिलें, हें आपण दर पुण्य शुक्रवारीं ऐकतों. तेव्हां आपल्या धर्मग्रामांतील एखादा मुलगा वाईट वाटेस लागला, तर त्यानें काय केलें हें जरूर विचारावें; जें केलें त्याला चांगलें म्हणूं नये. पण त्याबरोबरच त्याच्यावर आधीं काय गुदरलें, हेंहि विचारावें, आणि तें वेळेवर विचारावें. बाबुरावांस तो प्रश्न त्यांच्या हयातींत कोणी विचारला नाहीं. या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या आळींतील अशा एका तरी तरुणास घरीं बोलवावें व त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, एवढीच माझी विनंति आहे. परमेश्वर आपणां सर्वांस त्यासाठीं धैर्य व प्रेम देवो.