कविकुलगुरू कालिदास

नागपूरच्या ईशान्येस रामटेकचा डोंगर उभा आहे. 'मेघदूत' काव्यातील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले. या काव्याचा कर्ता कालिदास गुप्त सम्राटांच्या काळी, चौथ्या-पाचव्या शतकांत होऊन गेला, असे बहुतेक विद्वान मानतात.

त्याच्याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. तरुणपणी तो म्हणे निरक्षर होता. एका विदुषी राजकन्येने वादात हरविलेल्या पंडितांनी कपटाने त्याचा तिच्याशी विवाह लावून दिला. पुढे एके रात्री बाहेर उंट ओरडला. हा कोणता प्राणी, असे तिने विचारले. उंटाला संस्कृतात 'उष्ट्र' म्हणतात; परंतु कालिदासाच्या उच्चारातून कधी 'ष' गळे, तर कधी 'र'. एका शब्दाने त्याचे अज्ञान उघडे पडले. राजकन्येने त्याला घराबाहेर काढले.

अपमानाने त्याचे मन पोळले. त्याने कालीची उपासना केली, विद्येचा ध्यास घेतला आणि महाकवी होऊनच तो परतला.

आख्यायिका कशीही असो. 'रघुवंशा'च्या आरंभी कालिदास शिवपार्वतींना वंदन करतो, ते शब्द आणि अर्थ यांचे यथार्थ ज्ञान व्हावे म्हणूनच. रामटेकच्या डोंगरावर आज त्याचे स्मारक आहे. तेथे १९९७ साली स्थापन झालेल्या संस्कृत विश्वविद्यालयासही त्याचेच नाव दिलेले आहे.

'पाणी' शब्दाचा उच्चार 'पानी' असा करणाऱ्या सोबत्यास हसण्यापूर्वी त्या उंटाची गोष्ट अवश्य आठवावी.