दादासाहेब फाळके : घरात धुतलेली फिल्म



दादासाहेब फाळक्यांवर निबंध लिहायला सांगितला की बहुतेक वह्यांत एकच गोष्ट सापडते. त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, ते विलायतेला गेले आणि परत येऊन ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. मधलं सगळं गाळलेलं! दोष मुलांचा नाही, आपणच तसं शिकवतो. खरं तर शिकवण्यासारखं जे आहे ते त्या मधल्या भागातच आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे विद्वान. मुलगा मात्र चित्रकलेत रमणारा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांचं शिक्षण झालं. कलाभवनात प्रा. गज्जर यांनी त्यांना फोटोचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली आणि तीनरंगी ब्लॉक बनवायचं तंत्र शिकायला रतलामला पाठवलं.

हे तीनरंगी तंत्र जरा समजून घ्या. रंगीत चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून वेगवेगळं टिपायचं. अशा तीन निगेटिव्ह तयार होतात. मग तीन ब्लॉक करून त्यांवर आकाशी, किरमिजी आणि पिवळी शाई लावायची आणि एकावर एक छापायचं. पुढे आलेल्या रंगीत रोलमध्येही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे हे तीन थर एकाच फिल्मवर असतात. आजही काही हौशी मंडळी रंगीत रोल घरी धुतात. डेव्हलपर ३८ अंशांवर आणि वेळ सव्वातीन मिनिटं. तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी रंग बिघडतात. फाळक्यांच्या काळी असा रोल नव्हता, पण रंग सुटा करून पुन्हा जोडायचा कसा हे त्यांना चांगलं माहीत होतं.

पुढची वर्षं कष्टाची गेली. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत, त्यामुळे गिऱ्हाईक फिरकेना. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई, त्यांच्याकडे पुढे येतेच. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून छपाईचा कारखाना, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी. शेवटी भागीदारांशी पटलं नाही आणि चाळिशीत हा माणूस रिकाम्या हाताने घरी बसला.

तेव्हा तो ख्रिस्ताचा चित्रपट त्यांनी पाहिला. नंतर कित्येक महिने रोज तासन् तास चित्रपटच पाहिले, इतके की दृष्टी अधू झाली. उपचार आणि चष्मा यांमुळे डोळे वाचले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं आणि एप्रिलमध्ये परतले.

इतकं झालं तरी पैसे लावायला कोणी तयार होईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवून त्याचं वाढणं टिपलं. पुष्कळ ठिकाणी ‘रोज एक चित्र, असं महिनाभर’ असं छापलेलं असतं. मुलांना याचा हिशेब घालून बघा. तेव्हा सेकंदाला साधारण १६ चित्रं लागायची, म्हणजे ३० चित्रं दोन सेकंदांत संपली! दिवसातून बरीच चित्रं घेतली असणार. पण अंकुराचा वेल होताना पाहून सावकार तयार झाले एवढं नक्की. उरलेलं सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून उभं राहिलं.

आता दादरच्या घरात डोकावूया. त्या काळी कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. एका फुटात १६ चित्रं, प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ होता सुमारे ३,७०० फूट. गुणाकार केलात तर पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं होतात, आणि वाया गेलेली फिल्म यात धरलेलीच नाही. हे काम अंधारात करायचं, कारण उजेड लागला की फिल्म गेली. ते सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. फिल्म धुणंही घरातच. आधी डेव्हलपर, मग हायपो, मग भरपूर पाण्यात धुवायचं आणि वाळवायचं. पाणी गरम असलं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगून सुटतो, आणि मुंबईत पाणी गार कुठलं! शिवाय तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. एक चूक झाली तर दिवसभराचं चित्रीकरण गेलं, ते पुन्हा करायला पैसे नाहीत.

दिवसा याच बाई सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करायच्या. चित्रीकरणाच्या वेळी ऊन परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या असंही सांगतात. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके या आचाऱ्याला उभं केलं हे आपण मुलांना हसत हसत सांगतो. सरस्वतीबाईंचं नाव मात्र पाठात येतच नाही, किंवा ‘पत्नीने साथ दिली’ एवढ्यावर संपतं. साथ कसली, अर्धी प्रयोगशाळा त्याच होत्या.

३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला. मग कंपनी नाशिकला गेली. १९१७ मध्ये ‘लंका दहन’, १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’, त्यात त्यांचीच मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पुन्हा भागीदार, पुन्हा मतभेद. बोलपट आल्यावर काळ बदलला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. काही अभ्यासकांच्या मते तीही १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची आहेत.

वर्गात हे सांगताना मी कागदाची फूटभर पट्टी देते आणि डोळे मिटून दोन्ही कडांना सारख्या अंतरावर भोकं पाडायला लावते. यंदा सातवीच्या मुलांना पहिल्या वीस भोकांतच घाम फुटला. मग एक मुलगी म्हणाली की बाई, त्या स्वयंपाक कधी करत असतील?