डॉ. जॉन्सन : कोशकाराचे चरित्र आणि इंग्रजीतील गतिवाचक अव्यये

डॉ. सॅम्युएल जॉन्सन (१७०९–१७८४) हे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला परके नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून त्याचा विस्तृत परिचय करून दिला, आणि कृष्णशास्त्र्यांनी आरंभिलेले ‘रासेलस’चे भाषांतरही विष्णुशास्त्र्यांनीच पूर्णत्वास नेले. दारिद्र्याशी झुंजणारा मानी ग्रंथकार ही जॉन्सनची प्रतिमा यथार्थच आहे. तथापि कोशकार या नात्याने त्याच्या बुद्धीची खरी कसोटी ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘इन’ यांसारख्या इवल्याशा अव्ययांनी घेतली, या बाजूकडे सहसा लक्ष दिले जात नाही. या अव्ययांपाशी त्याच्या भाषाविषयक विचाराला जे वळण मिळाले, ते त्याच्या चरित्राचे एक महत्त्वाचे अंग होय.

जॉन्सनचा जन्म लिचफील्ड येथे एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी झाला. बालपणीच गंडमाळेने त्याला ग्रासले आणि त्याची एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. वडिलांच्या दुकानातील ग्रंथ हीच त्याची पहिली पाठशाळा. १७२८ मध्ये तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला, परंतु पैशाअभावी सुमारे तेरा महिन्यांतच त्याला पदवीविना परतावे लागले. १७३५ मध्ये त्याने एलिझाबेथ पोर्टर या आपल्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या विधवेशी विवाह केला. लिचफील्डजवळ एडियल येथे काढलेली शाळा चालली नाही. अखेर १७३७ मध्ये, पुढे नटश्रेष्ठ म्हणून गाजलेल्या डेव्हिड गॅरिक या आपल्या विद्यार्थ्यासह तो लंडनला आला आणि नियतकालिकांसाठी मिळेल ते लेखन करून गुजराण करू लागला.

१८ जून १७४६ रोजी लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांशी त्याने कोशाचा करार केला. मोबदला १५७५ पौंडांचा, म्हणजे १५०० गिनींचा होता, आणि लेखनिकांचा खर्चही त्यातूनच भागवायचा होता. गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा लेखनिकांसह काम सुरू झाले. जॉन्सन ग्रंथ वाचताना उपयुक्त वाक्यांतील शब्दांवर खुणा करी आणि लेखनिक ती वाक्ये उतरवून घेत.

१७४७ मध्ये त्याने कोशाचा आराखडा प्रसिद्ध करून तो लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून लिहिला. त्यात अर्थांची मांडणी शिडीसारखी कल्पिलेली होती: प्रथम मूळ अर्थ, मग त्यातून निघणारा अर्थ, त्यानंतर लाक्षणिक अर्थ. ‘अराइव्ह’ या गतिवाचक क्रियापदाचे उदाहरण त्याने दिले. जलप्रवासात किनाऱ्याला लागणे हा मूळ अर्थ. कोणत्याही स्थळी पोहोचणे हा त्यातून निघालेला. आणि इष्ट वस्तू प्राप्त होणे हा लाक्षणिक. भाषेला स्थैर्य देता येईल, हा विश्वास या आराखड्यामागे होता.

प्रत्यक्ष काम हाती घेतल्यावर ही शिडी डळमळू लागली. कोशाच्या पहिल्या हस्तलिखितात अर्थांसाठी आखलेली चौकट वाचनातून जमलेल्या प्रयोगांना अपुरी पडली आणि १७५० च्या सुमारास जॉन्सनला ते काम सोडून नव्याने मांडणी करावी लागली, असे अ‍ॅलन रेडिक यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले आहे. ‘कम’, ‘गो’, ‘सेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांसारखी साधी क्रियापदे सर्वांत अवघड ठरली. एकट्या ‘टेक’चे १३४ अर्थ कोशात आले, आणि या विस्ताराचा मोठा भाग अव्ययांच्या संयोगातून निर्माण झालेला होता.

अडचणीचे स्वरूप दुहेरी होते. पहिला प्रश्न शब्दजातीचा. ‘ही वॉक्ड अप’ या वाक्यात ‘अप’ क्रियाविशेषण आहे. ‘ही वॉक्ड अप द हिल’ यात तेच नामाशी जोडले गेल्याने, मराठीतील शब्दयोगी अव्ययाचे काम करते. जॉन्सनने अशा शब्दांच्या नोंदी दोन्ही शब्दजातींखाली स्वतंत्र केल्या. जिथे दोन अव्यये एकत्र येतात, तिथे त्याची दृष्टी विशेष सूक्ष्म दिसते. ‘आउट ऑफ’ या जोडीत नामाशी संबंध जोडणारे खरे अव्यय ‘ऑफ’ असून ‘आउट’ केवळ त्याच्या अर्थाला मुरड घालते, असा अभिप्राय त्याने त्या नोंदीत दिला आहे.

मराठीशी तुलना केली असता या विश्लेषणाचे मोल कळते. ‘ही रॅन आउट ऑफ द हाउस’ या वाक्यात क्रियापद गतीची रीत सांगते, ‘आउट’ दिशा दाखवते आणि ‘ऑफ’ ती दिशा निर्गमस्थानाशी जोडते. मराठीत हाच आशय ‘तो घरातून धावत बाहेर पडला’ असा येतो. निर्गमस्थान ‘-तून’ने व्यक्त होते, दिशा ‘बाहेर’ या अव्ययाने, तर धावण्याची रीत मुख्य क्रियापद सोडून ‘धावत’ या कृदन्ताकडे जाते.

दुसरा प्रश्न अर्थाचा. ‘कम ऑफ’, ‘गिव्ह ओव्हर’, ‘टेक ऑफ’ अशा संयोगांत मूळ गतीचा अर्थ कधी दिसतो, कधी पुसट होतो, तर कधी पूर्णपणे हरपतो. मराठीतील ‘बाहेर पडणे’ या प्रयोगात कोणी पडत नाही, तसाच हा प्रकार. ‘ऑफ’ या क्रियाविशेषणाचा मुख्य उपयोग क्रियापदांशी जोडला जाण्याचाच आहे, असे नोंदवून जॉन्सनने वाचकाला त्या त्या क्रियापदाकडे पाठविले. अव्ययाचा अर्थ एकट्याने सांगता येत नाही, ही त्यामागची जाणीव होय.

१५ एप्रिल १७५५ रोजी कोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात ४२,७७३ नोंदी होत्या. पत्नीचे १७५२ मध्येच निधन झाले होते. दीर्घकाळ उदासीन राहून ऐन वेळी आश्रयदात्याचा आव आणणाऱ्या चेस्टरफील्डला जॉन्सनने फेब्रुवारी १७५५ मध्ये पत्र लिहून स्पष्टपणे नाकारले होते. कोशाच्या प्रस्तावनेत या संयोगांना त्याने परकीयांच्या दृष्टीने इंग्रजीतील सर्वांत मोठी अडचण म्हटले. काही संयोग मूळ शब्दांपासून इतके दूर गेले आहेत की त्यांचा माग लागत नाही, हेही त्याने मान्य केले. आपला संग्रह पूर्ण असल्याचा दावा त्याने केला नाही. सुटलेले संयोग नोंदविलेल्यांशी ताडून उलगडतील, एवढीच अपेक्षा ठेवली. भाषेला स्थिर करण्याची मूळ आशा या प्रस्तावनेत त्याने सोडून दिलेली आहे.

कोशाने कीर्ती दिली, संपत्ती दिली नाही. १७५६ मध्ये कर्जापायी अटक झाली असता कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनने त्याला सोडविले. १७५९ मध्ये आईच्या अखेरच्या आजाराचा व अंत्यविधीचा खर्च भागविण्यासाठी त्याने ‘रासेलस’ लिहिले. १७६२ मध्ये मिळालेल्या ३०० पौंडांच्या वार्षिक वेतनाने त्याची विवंचना संपली. पुढल्या वर्षी भेटलेला बॉझवेल त्याचा चरित्रकार झाला. १७७३ मध्ये कोशाची संशोधित चौथी आवृत्ती निघाली. १७७९ ते १७८१ या काळात कवींची चरित्रे प्रसिद्ध झाली. १३ डिसेंबर १७८४ रोजी त्याचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याचे दफन करण्यात आले.

क्रियापद व अव्यय यांच्या या संयोगांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या ग्रंथातून प्रचारात आले. जॉन्सनजवळ संज्ञा नव्हती आणि सर्वांना लागू पडेल असा नियमही त्याला सापडला नाही. परंतु नियम सापडत नाही म्हणून प्रयोग वगळण्याची सोयीची वाट त्याने स्वीकारली नाही. जे उलगडले ते क्रमाने मांडले आणि जे उलगडले नाही तेही नोंदविले. भाषेला शिस्त लावण्यास निघालेला हा मानी पुरुष अखेर भाषेचा विनम्र साक्षीदार झाला. या परिवर्तनातच त्याच्या कोशकार्याचे चिरस्थायी मोल आहे.