चिनी विद्यार्थ्यांचे सोलापूरकर गुरुजी : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

भारत आणि चीन यांच्यातील मैत्रीचा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव आदराने घेतले जाते. रणभूमीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारे शल्यचिकित्सक ही त्यांची ओळख सर्वपरिचित आहे. मात्र परक्या देशात, परक्या भाषेत वैद्यकशास्त्र शिकविणारे अध्यापक म्हणून त्यांनी केलेले कार्य तुलनेने कमी लोकांना ठाऊक आहे. चीनमधील त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांचा मोठा भाग याच कामात गेला.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. त्यानंतर चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी जनतेला आवाहन केले आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. डॉ. मदन अटल पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि २७ वर्षांचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य होते. सप्टेंबर १९३८ च्या प्रारंभी हे पथक मुंबईहून जलमार्गाने रवाना झाले.

चीनमध्ये पथकातील प्रत्येकाला चिनी नाव मिळाले. प्रत्येक नावाच्या अखेरीस 'हुआ' हे अक्षर होते आणि त्याचा अर्थ चीन असा आहे. डॉ. कोटणीस 'के दिहुआ' झाले. पुढे चिनी जनतेने त्यांना याच नावाने ओळखले. पथक चुंगकिंग येथे असताना त्यांना वडिलांच्या निधनाचे वृत्त समजले. घरी परतण्याचा मार्ग मोकळा होता, सहकाऱ्यांचाही तसाच आग्रह होता. परंतु स्वीकारलेले काम अर्ध्यावर सोडण्यास त्यांनी नकार दिला. १९३९ च्या प्रारंभी पथक साम्यवाद्यांचे केंद्र असलेल्या येनान येथे पोहोचले. पुढील काळात डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी आणि डॉ. अटल एकामागून एक मायदेशी परतले. डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस मात्र चीनमध्येच राहिले.

१९४० मध्ये डॉ. कोटणीस जपानी सैन्याच्या पिछाडीस असलेल्या शान्सी-चाहार-हेपेई या सीमाप्रदेशात गेले. त्याच प्रदेशात नोव्हेंबर १९३९ मध्ये कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांचा शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जंतुसंसर्गामुळे मृत्यू झाला होता. त्यांच्या स्मरणार्थ तेथील वैद्यकीय विद्यालयाला आणि रुग्णालयाला बेथून यांचे नाव देण्यात आले. डॉ. कोटणीस यांनी या विद्यालयात अध्यापन सुरू केले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून नियुक्ती झाली. रुग्णालयासाठी स्वतंत्र इमारत नव्हती. हेपेई प्रांतातील तांग परगण्यात गेगोंग आणि आसपासच्या गावांमध्ये शेतकऱ्यांच्या घरांतच रुग्ण ठेवले जात आणि वर्गही गावातच भरत.

येथे त्यांच्यापुढील सर्वांत मोठी अडचण भाषेची होती. चिनी भाषेत उच्चाराचा सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो आणि लिपीतील हजारो चिन्हे एकेक करून आत्मसात करावी लागतात. विद्यार्थी बहुतांशी खेड्यांतून आलेले तरुण होते. त्यांना परकीय भाषेतून शस्त्रक्रिया शिकविणे शक्य नव्हते, आणि दुभाष्याच्या भरवशावर राहिल्यास शस्त्रक्रियेच्या प्रसंगी एका चुकीच्या शब्दाने रुग्णाचा जीव धोक्यात आला असता. डॉ. कोटणीस यांनी येनानपासून सुरू केलेला भाषेचा अभ्यास नेटाने पुढे नेला आणि ते चिनी भाषेतून व्याख्याने देऊ लागले. औषधे, उपकरणे आणि पुस्तके यांचा तुटवडा होता. त्यामुळे त्यांनी शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके स्वतःच चिनी भाषेत लिहिण्यास घेतली.

१९४१ आणि १९४२ या वर्षांत जपानी सैन्याने या भागात वारंवार मोहिमा काढल्या. अशा वेळी रुग्ण आणि विद्यार्थी यांना घेऊन डोंगरांत आश्रय घ्यावा लागे. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी याच विद्यालयात परिचर्या शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. त्यातील 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. याच वर्षी त्यांनी चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्वही स्वीकारले.

दरम्यान त्यांना अपस्माराचा विकार जडला होता. उपचारासाठी युद्धक्षेत्राबाहेर जाण्याचा सल्ला वरिष्ठांनी त्यांना दिला होता. मात्र त्यांनी रुग्णालय आणि विद्यालय सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी या विकाराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते आणि पुत्र साडेतीन महिन्यांचा होता. शल्यशास्त्रावरील त्यांचे दुसरे पाठ्यपुस्तक अपूर्ण राहिले.

भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकामुळे आणि व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या चित्रपटामुळे त्यांचे कार्य घरोघरी पोहोचले. पुत्र यिनहुआ यांनीही वैद्यकीय शिक्षण घेण्यास सुरुवात केली होती, परंतु १९६७ मध्ये शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. गुओ छिंगलान यांनी पुढे अनेकदा भारताला भेट दिली आणि कोटणीस कुटुंबीयांशी असलेले नाते अखेरपर्यंत जपले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९६२ च्या युद्धानंतर उभय देशांच्या संबंधांत कटुता आली, तरी चीनमध्ये डॉ. कोटणीस यांच्याविषयीचा आदर कायम राहिला. १९८२ मध्ये चीनने आणि १९९३ मध्ये भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. हेपेई प्रांतातील शिचियाच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत डॉ. बेथून यांच्याप्रमाणेच त्यांचीही समाधी आहे. सोलापुरात त्यांच्या मूळ घरी स्मारक उभारण्यात आले आहे. शिचियाच्वांगमध्ये त्यांच्या चिनी नावाने एक वैद्यकीय विद्यालयही आहे. तेथील चिनी विद्यार्थी 'के दिहुआ' यांचे नाव असलेल्या या संस्थेत आपल्याच भाषेत वैद्यकशास्त्राचे धडे घेतात.